तालमीचं पोट

मी आखाड्यातली माती खात होतो आणि वस्तादांना वाटलं, मी नमस्कार करतोय.

सकाळची मेहनत संपत आली होती. अस्लमनं मला खाली घेतलं होतं आणि मी हौद्यात पालथा पडलो होतो. अस्लम माझ्याच वयाचा, माझ्यापेक्षा हलका, आणि वर्षभरापूर्वी मी त्याला एका हातानं फिरवत असे. आता तो माझ्या पाठीवर बसून जांभई देत होता. मला उठायला दम नव्हता. खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती, कारण जीभ जरा बाहेर काढली की माती मिळत होती. बेलवळीच्या तालमीची तांबडी माती म्हणजे रानातली ढेकळं नव्हेत. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं काय काय मुरवलेलं असायचं. मला ती त्या दिवसांत बासुंदीहून गोड लागायची. चिमूटभर माती कपाळाला लावायची आमची रीत. मी चिमूट कपाळापर्यंत न्यायचो आणि खाली येताना तोंडात टाकायचो.

"बघा रं," हिंदुराव वस्ताद हौद्याच्या काठावरून म्हणाले, "भक्ती कशी असती ती बघा. पोरगं पडलंय, पण मातीला सोडंना."

पोरांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी तोंड मिटून गिळलं.

हिंदुराव वस्ताद म्हणजे वारणाकाठचं मोठं नाव. लग्न केलं नाही, उभ्या जन्मात कधी आजारी पडले नाहीत, आणि सुई टोचून घेतली ती फक्त कान टोचताना, असं ते स्वतःच सांगायचे. पायात कधी वहाण घातली नाही. पैलवानाची ताकद जमिनीतून वर येते आणि मध्ये कातडं आलं की वाट तुटते, असं त्यांचं शास्त्र होतं. एकदा एक पोरगा मामाच्या लग्नातल्या करकरीत चपला घालून तालमीत आला. वस्तादांनी त्या उचलल्या आणि विहिरीत टाकल्या. तालमीत आम्ही अकरा पोरं राहत होतो आणि त्यानंतर अकराही जण उन्हाळ्यात, चिखलात, काट्यात अनवाणी फिरत होतो.

माझं काहीतरी बिनसलं होतं, हे वस्तादांनाही दिसत होतं. चार जोर काढले की धाप लागायची. नखं पांढरी पडली होती, तोंडावर हळद लावल्यासारखा रंग आला होता. वस्तादांकडे या सगळ्यावर एकच औषध होतं, ते म्हणजे खुराक. त्यांनी माझं दूध वाढवलं. मी आणखी खंगलो. बदाम वाढवले, तूप वाढवलं. माझ्या बरगड्या दिसायला लागल्या. मग कुणाची तरी नजर लागली असं ठरलं आणि माझ्या उशाला लिंबू-मिरची आली. त्यातलं लिंबू मी मातीला लावून खाल्लं.

चैत्रात भैरोबाची जत्रा होती आणि माझी कुस्ती वाघवाडीच्या संपतशी ठरून गेली होती. दिवाळी झाली तशी वस्तादांनी मला एकट्याला बाजूला घेतलं.

"ज्योतिराम, जत्रंपतोर अंगात दम आला तर आला," ते म्हणाले. "न्हाईतर वळकटी बांधायची आन् घरला जायाचं. मी लई पोरं घरी धाडली. तुला धाडताना मला बरं वाटायचं न्हाई, पर धाडीन."

मी मान हलवली. मला तालीम सोडून दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं म्हणजे दुसरं काही नकोच होतं. त्या दिवशी आंघोळीच्या हौदामागे बसून मी पोटभर रडलो आणि पोटभर माती खाल्ली.

पुढं जे घडलं ते शाळेच्या भिंतीमुळं. शाळा तालमीला लागून होती आणि तिथं आरोग्य केंद्राच्या डॉक्टर केळुसकर बाई पोरांना लस टोचायला आल्या होत्या. बाई मालवणकडच्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या, अंगानं काडी, पण आवाज असा की कर्णा नको. दुसऱ्याला सुई टोचताना बघण्यात जी मजा आहे ती घ्यायला आम्ही भिंतीवर ओळीनं बसलो होतो. बाईंनी सहज वर पाहिलं आणि मला बोट करून खाली बोलावलं.

मी गेलो. त्यांनी काही न विचारता माझ्या डोळ्याखालची कातडी अंगठ्यानं ओढली. भर शाळेत एका बाईमाणसानं पैलवानाचा डोळा ओढायचा, म्हणजे काय! भिंतीवर अस्लम हसून हसून मागच्या बाजूला पडला.

"तुझ्यात रक्त म्हणून काही आहे की नाही?" बाईंनी विचारलं. मग इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "माती खातोस?"

हे मी अस्लमलासुद्धा सांगितलं नव्हतं. मी नुसती मान हलवली. बाईंना त्याचं काहीच नवल वाटलं नाही, आणि मला एकदम त्यांचा आधार वाटला. त्यांनी आणखी विचारलं, चपला घालतोस का, बाकीची पोरं घालतात का, सकाळी कुठं जाता. मी म्हणालो, तालमीमागच्या उसात.

"उसात? पंचायतीनं तुम्हाला संडास बांधून दिलाय ना?"

"दिलाय की."

"मग?"

"त्यात गदा हाय."

मला समजावून सांगावं लागलं. वस्तादांनी तरुणपणी जिंकलेली चांदीची गदा तालमीचं दैवत होती. तालमीचं दार गड्याला कधी बंद नसतं असा वस्तादांचा बाणा, त्यामुळं त्या दाराला कडीच नव्हती. पंचायतीनं मागं संडास बांधला, त्याला लोखंडी दार आणि दाराला कुलूप. साऱ्या तालमीत कुलूप लागणारी ती एकच खोली. मग गदा दुसरीकडं कुठं ठेवणार? आत चुना दिला होता, भांड्यावर पाट टाकला होता, पाटावर गदा, आणि दर शनिवारी तिला हार. जातायेता आम्ही त्या दाराला हात जोडायचो आणि उसात जायचो.

बाईंनी हे सगळं अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं. मग पिशवीतून झाकणाच्या पांढऱ्या डब्या काढल्या, पोरांची नावं विचारून एकेका डबीवर एकेक नाव लिहिलं आणि म्हणाल्या, "सगळ्यांनी भरून आणायच्या. पोटात काय आहे ते बघते."

वस्तादांसमोर आम्ही डब्यांची रास ठेवली. त्यांनी एक उचलली, फिरवून पाहिली, यात काय घालायचं ते विचारलं. शेवटी अस्लमनं सांगितलं. वस्तादांनी डबी खाली ठेवली आणि हात धोतराला पुसला. डबी रिकामीच होती.

त्यानंतर ते बराच वेळ बोलत होते. आज डबी भरून द्यायची, उद्या वाघवाडीला कळणार की बेलवळीच्या पैलवानांची पोटं सरकारला तपासायला लागतात, मग जत्रेत तोंड कुठं लपवायचं, असा त्यांचा मुद्दा होता. बाई सरकारी, नाही म्हणावं तर तेही जड. संध्याकाळपर्यंत ते मिशीला पीळ देत बसले. दिवेलागणीला त्यांनी आम्हाला हाक मारली.

"पोरांचं पोट म्हंजे तालमीचं पोट," ते म्हणाले. "आन् तालमीचं पोट म्हंजे माझं पोट. डब्या हिकडं द्या."

आम्हाला सुटल्यासारखं झालं. वस्तादांच्या पोटाबद्दल गावात कुणाला शंका नव्हती. त्यांनी पैजेवर खाल्लेल्या जिलब्यांच्या गोष्टी आमच्या जन्माआधीच्या होत्या. असं खणखणीत पोट आमच्या सगळ्यांच्या नावावर लागणार म्हटल्यावर आमची छाती उलट फुगली.

डब्या भरल्या गेल्या आणि अस्लम त्या कापडी पिशवीत घालून सायकलच्या दांडीला अडकवून घेऊन निघाला. जाताना तो पारावरून घंटी वाजवत गेला. पारावर गणूतात्या बसलेले असत. गावातल्या प्रत्येक गोष्टीची चौकशी करणं हाच त्यांचा व्यवसाय होता. काय नेतोस रे, त्यांनी विचारलं. वस्तादांनी दिलंय, अस्लम म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं. तात्यांनी पिशवीला हात लावून तो कपाळाला लावला.

दोनचार दिवसांनी संध्याकाळी केळुसकर बाईंची जीप तालमीपुढं येऊन थांबली. आता आमच्या तालमीचा एक कडक नियम होता, बाईमाणसानं उंबरा ओलांडायचा नाही. बाई आत आल्या असत्या तर गोष्ट आतच राहिली असती. पण त्या आल्या आणि उंबऱ्याशी थबकल्या. वस्ताद आत हौद्याच्या पलीकडं उभे, ते बाहेर येईनात. मग बाई जागच्या जागीच बोलल्या, आणि त्यांचा आवाज मी आधीच सांगितला आहे. ती डेअरीला दूध घालायची वेळ. निम्मा गाव किटल्या घेऊन रस्त्यावर.

"हिंदुरावजी, अकराच्या अकरा पोरांच्या पोटात जंत आहेत. एक जात नाही, तीन जाती आहेत. उद्या सकाळी मी परत येते, सगळ्यांना थांबवून ठेवा."

रस्त्यावर किटल्यांचा आवाजसुद्धा थांबला. वस्ताद हौद्यापलीकडं तसेच उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. तो निकाल कुणाच्या पोटाचा होता, हे त्या घडीला आम्हा अकरा जणांना आणि त्यांनाच माहीत होतं.

रात्रीतून बातमी वाघवाडीला पोचली. बेलवळीचा एक पैलवान लढायला घेतला की आत दोनशे फुकट मिळतात, असं तिकडं बोलणं सुरू झालं. सकाळी तालमीच्या अंगणात पोरांचे बाप जमले. माझे आण्णा पहाटेच निघून आले होते. त्यांनी कुणाशी भांडण काढलं नाही, हा त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांनी माझी वळकटी स्वतः बांधली आणि काखेत घेतली.

"चल," ते मला म्हणाले. "तुझ्या आयनं पोरगं धाडलं व्हतं का हाडं, असं झालंय तुझं. घरी मरतोस तर मर, डोळ्यापुढं तरी मरशील."

आण्णांच्या पाठोपाठ बाकीचे बापही उठायला लागले. एका घटकेत तालीम रिकामी होणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. केळुसकर बाई जीपला टेकून उभ्या होत्या, हातात गोळ्यांचा डबा. मी वस्तादांच्या पाया पडायला गेलो. वाकलो, आणि वर येताना धाप लागून त्यांच्या गुडघ्याला धरून उभा राहिलो. वस्तादांनी माझा हात आपल्या हातात घेतला आणि माझ्या नखांकडे पाहिलं. किती तरी वेळ पाहिलं.

"ऐका," ते म्हणाले. आवाज काही फार मोठा नव्हता, पण सगळे थांबले. "त्या डब्या पोरांच्या न्हवत्या. पोरांवर बट्टा लावू नगा. अकराच्या अकरा डब्यांत माझंच व्हतं."

कुणी कुणाकडं बघेना. ज्या माणसापुढं आमदार उभं राहून बोलत, त्या माणसानं साऱ्या गावापुढं हे सांगावं, आणि ऐकणाऱ्यानं काय करावं हे कुणालाच सुचेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मागून गणूतात्यांचा आवाज आला. त्यांना थट्टा करायची नव्हती, खरंच जाणून घ्यायचं होतं.

"एका दिसात?"

वस्तादांनी तिकडं पाहिलं. एकदा खरं बोलायला लागल्यावर आता थांबण्यात अर्थ नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसलं.

"दोन दिस लागलं," ते म्हणाले.

पहिल्यांदा अस्लम फुटला. मग बाप हसले, मग किटलीवाले, मग जीपचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसायला लागला. गणूतात्यांना मात्र मध्येच काहीतरी आठवलं. त्यांनी आपल्या हाताकडं पाहिलं, कपाळाला हात लावून बघितला आणि ते तरातरा नळाकडं गेले. शेवटी वस्तादांच्या मिशा हलल्या आणि तेही हसले. मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

केळुसकर बाई तेवढ्या हसल्या नव्हत्या. त्यांना म्हणे आदल्या दिवशीच संशय आला होता, अकरा माणसांच्या पोटांत इतकी एकी असत नाही. त्यांनी पुन्हा अकरा डब्या काढल्या आणि या खेपेला बारावी वस्तादांच्या नावाची. ज्याची त्यानं, असं बजावलं. वस्तादांनी कबुली दिल्यावर लाजायला आता उरलं कोण होतं? माझ्या आण्णांनी वळकटी काखेतून काढली आणि ओट्यावर ठेवली. गाठ मात्र सोडली नाही.

निकाल ऐकायला वस्ताद मला घेऊन आरोग्य केंद्रात गेले. बाईंनी मला सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला डोळा लावायला सांगितला. पारदर्शक, लांबोडकी, पातळ सालीची अंडी दिसत होती, कितीतरी. ही तुझी, बाई म्हणाल्या. मग त्यांनी पुस्तकातलं चित्र काढून वस्तादांपुढं धरलं. अंड्यातून निघून वाढलेला तो किडा, तोंडात दात, टोकाला आकड्यासारखा वाकलेला.

"हा आतड्याला चावा घेऊन चिकटतो आणि रक्त पितो," बाई म्हणाल्या. "एकेकटा थोडंसंच पितो. पण याच्या पोटात शेकडो असतील."

वस्तादांनी चित्र जवळ घेऊन निरखलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्यात जाणकाराचं कौतुकही होतं, ते मी नाकारणार नाही.

"पकड हाय भाद्दराची," ते म्हणाले. "म्हंजे ह्येचं दूध, बदाम, तूप..."

"यांनी खाल्लं."

"माझ्या तालमीचा खुराक खाऊन दुसऱ्याचंच पैलवान पोसलं म्हणा की."

बाईंनी मान हलवली. रक्त गेलं की शरीर वेड्यासारखं माती मागायला लागतं, हेही त्यांनी सांगितलं. वस्तादांनी माझ्याकडं हळूच पाहिलं. माझ्या भक्तीचा निकाल तिथंच लागला.

मग त्यांनी विचारलं, की असे किडे माझ्याही पोटात आहेत, तर मी कसा धडधाकट? बाई म्हणाल्या, तुमच्यात थोडे आहेत, खाणं चांगलं आहे, वाढीचं वय नाही, म्हणून कळत नाही. काही माणसं जन्मभर असे घेऊन हिंडतात. त्यांना पुढचं बोलणं जड जात होतं.

"आखाड्याच्या मातीचा यात दोष नाही, वस्ताद. उसात सावली आणि ओल असते. तिथं अंडी फुटतात आणि बारीक अळ्या अनवाणी पायातून आत शिरतात. पायाच्या कातडीतून थेट."

वस्तादांचे स्वतःचे पाय खुर्चीखाली होते, ते त्यांनी आणखी मागं घेतले.

"त्या उसात मी चाळीस वर्सं जातोय," शेवटी ते म्हणाले. "म्हंजे पोरांना ह्ये मी दिलं. आन् वहाणा बी मीच काढून घेतल्या."

"सगळ्यांनी सगळ्यांना दिलंय," बाई म्हणाल्या. "कुणा एकट्याचं नाही."

पण वस्तादांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकूनही मानलं नाही. परत येताना सगळ्या रस्त्यात ते स्वतःच्या पायांकडं बघत चालले. मला त्यांची इतकी दया आली की माझं रक्त कुणी पितंय हे मी विसरूनच गेलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिली गोळी सगळ्यांसमोर स्वतः चावून खाल्ली. मग आम्ही खाल्ल्या. मला त्याबरोबर लोहाच्या गोळ्याही मिळाल्या, त्या महिनोन् महिने घ्यायच्या होत्या. शनिवारी गदा मिरवणुकीनं निघाली. पुढं हलगी, मागं पोरं, गुलाल. गदा भैरोबाच्या देवळात गेली. मग वस्तादांनी मोकळ्या झालेल्या खोलीपुढं नारळ फोडला आणि आम्हाला आत जायला सांगितलं. कुणी जाईना. इतकी वर्षं जिथं हात जोडले तिथं बसायचं कसं? अस्लमनं तर दाराला नमस्कार करून चपला बाहेर काढल्या, तेव्हा वस्ताद त्याच्या अंगावर धावून गेले.

हो, चपला. गावच्या चांभाराकडून वस्तादांनी बारा जोड शिवून घेतले होते. तालमीच्या दारात खुंट्या मारल्या होत्या आणि त्यांवर ते टांगले होते. हौद्यात उतरताना काढायच्या, बाहेर पाऊल टाकताना घालायच्या. वस्तादांना स्वतःला त्या घालून चालता येत नव्हतं. उंट चालावा तसे पाय उचलून टाकायचे, अंगठा सुजला होता, पण एक दिवस चुकवला नाही. कुणी हसलं तर हसू द्यायचे.

होळीपर्यंत माझी नखं गुलाबी झाली. धाप गेली. एके सकाळी अस्लमला खाली घेतलं आणि त्याच्या पाठीवर बसून जांभई दिली. विशेष म्हणजे माती आता मातीसारखीच लागायला लागली. आण्णा येऊन माझ्या वळकटीची गाठ सोडून गेले.

जत्रेच्या मैदानात वाघवाडीनं आम्हाला सोडलं नाही. मी लांग-लंगोट कसून हौद्याकडं निघालो तसे तिकडून आवाज यायला लागले, ज्योतिरामा, किती जण आलाय, मोजून सांग. माझी कानशिलं तापली. मी चपला काठावर काढल्या, हौद्यात उतरलो, वाकून चिमूटभर माती घेतली आणि कपाळाकडं नेली.

"ज्योतिराम," मागून वस्तादांचा आवाज आला, "कपाळालाच."

सगळं मैदान हसलं, संपतसुद्धा हसला. त्यानं हसायला नको होतं. पण संपत काही हलका गडी नव्हता. त्यानं मला दोनदा खाली घेतलं आणि दोन्ही वेळा मी निसटलो. तिसऱ्या वेळी त्याची छाती वरखाली व्हायला लागली आणि माझी नव्हती, हे मला जाणवलं, तेव्हा मला जो आनंद झाला तो कुस्ती जिंकल्याच्या आनंदापेक्षा मोठा होता. मी घिस्सा डाव मारला. संपतची पाठ मातीला लागली.

मग नेहमीचं सगळं झालं. खांद्यावर घेतलं, फेटा बांधला, गुलालानं डोळे भरले. खाली उतरल्यावर मी काठाकडं गेलो. चपला जागेवर नव्हत्या. जत्रेतल्या चपला कधीच जागेवर नसतात. मी म्हटलं जाऊ दे, पाय धुवून अनवाणीच जाऊ, आणि वस्तादांना शोधायला लागलो.

ते गर्दीच्या कडेला उभे होते. पायात स्वतःच्या चपला, आणि काखेत, नव्या उपरण्यात गुंडाळलेल्या, माझ्या. साऱ्या कुस्तीभर त्या तिथं होत्या. पंचक्रोशीतले वस्ताद, पंच, आमदार समोरून जात होते, त्यांना रामराम घालायला आमच्या वस्तादांना एकच हात मोकळा होता.

मी पाया पडायला वाकलो. त्यांनी मला अर्ध्यावरच थांबवलं, स्वतः वाकले आणि माझ्या पायांपुढं चपला नीट जोडून ठेवल्या.

"वस्ताद, असं करू नगा," मी म्हणालो. "तुमी नगा."

"घाल," ते म्हणाले. "वाट उसातनं हाय."

मी त्यांच्यासमोर उभा राहून चपला पायात घातल्या. मग ते पुढं आणि मी मागं असे आम्ही उसातून तालमीकडं निघालो.